फ्लायव्हील हलकं केलं आणि गिअरबॉक्स वाजायला लागला

मागच्या आठवड्यातलं एक काम डोक्यातून जातच नाहीये. मी विस्कॉन्सिनमध्ये एका छोट्या मशीन शॉपमध्ये आहे, घरी विमान बांधणारे लोक इकडे बरेच, आणि त्यातले काही हट्टी लोक माझदाच्या गाडीचं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर) बसवतात. १३०८ सीसी, दोन रोटर, ताकद हवी तर सहा-सात हजार आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), आणि त्या स्पीडला प्रोपेलर फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील, म्हणून मध्ये २.८५ चा रिडक्शन गिअरबॉक्स, म्हणजे इंजिनच्या २.८५ फेऱ्यांना प्रोपेलरची एक.

तर एक काका (मनातल्या मनात काकाच म्हणतो) इंजिन घेऊन आले, अ‍ॅडाप्टर प्लेट (इंजिनला गिअरबॉक्स जोडणारी) त्यांनी स्वतः केलेली. एक्सेंट्रिक शाफ्टला (रोटरीचा मुख्य शाफ्ट) मोजायचा डायल लावून प्लेटचं बोअर सगळीकडून फिरवून बघितलं, रनआउट (मध्यापासून सरकलेलं अंतर) दोन थाऊ, म्हणजे इंचाचे फक्त दोन हजारांश! इतकं छान काम आमच्याकडचे पगारी लोक करत नाहीत. गिअरबॉक्स चढवला, इंजिन चालू केलं, आणि १५०० आरपीएमच्या आसपास डबा भरून नटबोल्ट हलवल्यासारखा खडखडाट.

अलाइनमेंटवर शंकाच नव्हती. मग कळलं, काकांनी जड स्टीलचं फ्लायव्हील (शाफ्टवरचं चाक, फिरणं एकसारखं ठेवणारं) काढून हलकं अ‍ॅल्युमिनियमचं टाकलंय. वजन वाचवायचं वेडच ह्या लोकांना, स्वतःचं पोट सोडून सगळीकडून ग्रॅम काढतात. शाफ्टच्या एका फेरीत इंजिनचे दोन झटके, म्हणजे १५०० ला सेकंदाला ५०. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रोपेलर, मध्ये डॅम्परच्या (झटके शोषणारा भाग) स्प्रिंगा, ह्याची एक स्वतःची फ्रिक्वेन्सी असते आणि ती आयडलच्या (इंजिन नुसतं चालू ठेवायचा सगळ्यात कमी स्पीड) खाली गाडून ठेवायची असते. फ्लायव्हील हलकं केलं की ती वर सरकून इंजिनच्या झटक्यांशी जुळते, मग गिअरचे दात एकदा ह्या बाजूने एकदा त्या बाजूने आपटत राहतात.

म्हटलं जुनं फ्लायव्हील परत लावू. काका म्हणाले, "आयडल १८०० ला ठेवतो, तिथे वाजत नाही." खरंच वाजत नाही. पण इंजिन चालू-बंद करताना दरवेळी १५०० मधूनच जाणार ना! शिवाय १८०० ला प्रोपेलर ६३० आरपीएमने ओढत राहतो, लँडिंगला विमान टेकायचं नावच घेणार नाही.

ऐकलं नाही. विमान एक्स्पेरिमेंटल (घरी बांधलेल्या विमानांचा वर्ग), बांधणारे तेच, माझ्या सहीची गरजच नाही. आता ४० तासांचं टेस्ट फ्लाइंग सुरू करतील. मी एवढंच कबूल करून घेतलंय की पहिल्या १० तासांनंतर गिअरबॉक्स उघडायला माझ्याकडे आणायचा, त्याचे पैसे घेणार नाही म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. जुनं फ्लायव्हील मात्र सांगूनही नेलं नाही, शॉपमध्येच पडलंय.