तेलाने तोंड धुणं: विहीर मचूळ झाल्यापासून दिवाळीपर्यंतची वही

"कुठलं तेल घेऊ?" असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांसाठी सात महिन्यांची वही उतरवून काढतेय. तोंडाला तेल चोळायचं आणि गरम ओल्या फडक्याने पुसून काढायचं, एवढंच हे तोंड धुणं. तेलाचं नंतर बघू. आधी फडकं कुठलं घेताय ते सांगा.

एप्रिल, दुसरा आठवडा

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, खाडीकाठी. पाडवा झाला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं. पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून आणतो, पण आंघोळ-तोंड याच पाण्यात. या पाण्यात साबणाला फेस येत नाही. हातावर नासलेल्या दुधासारखे पांढरे कण जमतात आणि तोंड धुऊन झाल्यावर आधीपेक्षा चिकट लागतं. साबण आणि मीठ यांचं मुळातच जमत नाही. साबण बनवणारे तर उकळत्या साबणात मुद्दाम मीठ टाकतात, म्हणजे साबण पाण्यापासून सुटून वर येतो. आमच्याकडे तोच कारखाना माझ्या गालावर चालू होता.

त्यात मी रोज स्कूटरने कुडाळला जाते. चेहऱ्यावर झिंकचं पांढरं, पाण्याला न जुमानणारं सनस्क्रीन, त्यावर तांबड्या मातीचा धुरळा. संध्याकाळी दोनदा तोंड धुतलं तरी टॉवेलला तांबूस डाग पडायचा.

तेलाची कल्पना परदेशी व्हिडिओत पाहिली खरी, पण पटली ती फणसामुळे. फणस फोडताना आपण विळीला आणि हाताला खोबरेल का लावतो? चीक पाण्याने गेलाय का कधी कोणाचा? साबणानेही जात नाही. तेलानेच सुटतो, कारण तो तेलात मिसळतो. चेहऱ्यावरचा तेलकटपणा, सनस्क्रीन, काजळ हे सगळं चिकाच्याच जातीचं.

पहिल्या रात्री ओटीवर बसून तोंडाला तेल चोळत होते, तर सासूबाई आतून, "काय गो, तोंडाक फोडणी घालतलंस काय?"

एप्रिल संपताना: खोबरेल फसलं

अर्थातच सुरुवात घरच्या खोबरेलाने. आमच्याच माडांचं खोबरं, लाकडी घाण्यावर काढून आणलेलं. वहीत असं आहे:

दिवस ४, गाल मऊ.
दिवस ७, मऊ. सनस्क्रीन पूर्ण निघालं.
दिवस १०, हनुवटीवर ३ पुळ्या, उजव्या कानाखाली २.
दिवस ११, बंद.

खोबरेलात जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्ल असतं आणि बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर हे तेल रंध्रं बुजवतं. केसांना आणि अंगाला जे चालतं ते तोंडाला चालेलच असं नाही. हे लिहिताना माझा कोकणी जीव दुखावतोय, पण पुळ्या माझ्या आहेत. एक मात्र कबूल करते. या ११ दिवसांत मी तेल पुसत होते ते जाड टर्किश टॉवेलच्या टोकाने, कोमट पाण्यात एकदा बुडवून, एकदाच. म्हणजे निम्मं तेल तोंडावर घेऊनच झोपत होते. सगळा दोष खोबरेलाला देणं बरोबर नाही.

मे: एरंडेल आलं, आणि पंचा

या छंदातलं जुनं सूत्र असं: पातळ तेलात थोडं एरंडेल. त्वचा तेलकट असेल तर साधारण ३० टक्के, मध्यम असेल तर २०, कोरडी असेल तर १०. मी २० टक्क्यांनी सुरुवात केली. ५० मिलीच्या बाटलीत १० मिली एरंडेल, ४० मिली सूर्यफूल. माप खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. एरंडेल मेडिकलमधलं, सूर्यफूल स्वयंपाकघरातलं. आधी दोन दिवस कानामागे लावून पाहिलं, कारण एरंडेल काहींना चुरचुरतं. मोठी बाटली बनवू नका. आमच्या उकाड्यात तेल लवकर खवट होतं, आणि खवट तेलाचा वास नाकाखालीच असला की झोप लागत नाही.

एरंडेल कमालीचं दाट. नुसतं लावलं तर तोंडावर मध ओतल्यासारखं वाटतं. सूर्यफुलाने ते सरकायला लागतं. कोरडे हात, कोरडं तोंड. इथे पाण्याचा थेंब आधी लागला तर तेल मळाला भिडतच नाही, वरवर घसरतं. एक-दीड मिनिट हलक्या बोटांनी, नाकाच्या बाजूला जरा जास्त.

तेवढ्यात बोटांखाली बारीक कण लागतात. यावर तेलाने तोंड धुणारे आपल्यातले लोक फार हरखतात, "रंध्रांतून मळ बाहेर आला" म्हणून. माझ्या मते त्यातले निम्मे तरी सनस्क्रीनचे आणि मेलेल्या कातडीचे वळलेले गोळे असतात. त्यांच्या मागे लागून दहा-दहा मिनिटं चोळलंत तर गाल लाल होतात, बाकी काही नाही. मी केलंय.

आता फडकं. महिनाभर मी तीन प्रकार वापरले. टर्किश टॉवेल जाड, तेल पितो आणि मग तेच तेल परत तोंडाला लावतो. जुन्या सुती साडीचा तुकडा मऊ, पण इतका गुळगुळीत झालेला की तेलावरून नुसता फिरतो. आणि सासऱ्यांचा जुना पंचा. विरळ वीण, पिळला की पाणी लगेच सुटतं, आणि धाग्यांच्या उंचवट्यांनी तेल उचलून घेतो. त्याचे वीतभर चौकोन कापले.

एका रात्री दिव्याखाली नीट पाहिलं. गरम पाण्यात बुडवून पिळलेला चौकोन तोंडावर दहा-पंधरा सेकंद ठेवला, वाफ लागू दिली, मग कपाळापासून खाली पुसलं. पहिल्या पुसण्याला फडक्यावर गेरूचं बोट फिरवावं तसा तांबडा पट्टा, त्यात काजळाची एक काळी रेघ. घडी उलटून, पुन्हा बुडवून दुसरं पुसणं, आता फिकट पिवळं. तिसऱ्याला फडकं जवळजवळ पाण्याच्याच रंगाचं. तेव्हापासून तीन पुसणी हा नियम. पाणी किती गरम, तर मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढंच. मी सुरुवातीला चहासाठी उकळत ठेवलेल्यातलं घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघींनी विचारलं, "ऊन लागलं का?"

म्हणजे "पाण्याऐवजी तेल" हे म्हणायलाच. पाणी लागतंच, पण तांब्याभर पुरतं, आणि मचूळ असलं तरी चालतं, कारण त्याला फेस आणायचा नसतो.

काजळाबद्दल: घरगुती काजळ बनतं बहुधा एरंडेलाच्या दिव्याची काजळी धरून, त्यामुळे तेलाने ते झटकन सुटतं. डोळ्यांत तेल जाऊ देऊ नका. अर्धा तास सगळं धुक्यातल्या आंबोलीसारखं दिसतं.

मेअखेर पुळ्या शून्य. मी जरा जास्तच खुशीत होते.

जून, जुलै: पावसाने धडा दिला

मिरग लागला आणि फडकी वाळेनात. आमच्या पावसात काय वाळतं? मी पंचाचे चौकोन न्हाणीघरातल्या दांडीवर टाकायचे, दुसऱ्या दिवशी ते थंड आणि कुबट. तेलकट, ओलं, उबदार फडकं, आणि तेच रोज तोंडावर. शहाण्या माणसाला कळलं असतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कपाळावर बारीक पुरळ. सगळे दाणे एकाच मापाचे, वरीच्या तांदळासारखे, आणि खाज. मला वाटलं तेल कमी पडतंय, म्हणून मी एरंडेल ३० टक्के केलं! पुरळ कानशिलापर्यंत पसरलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, बुरशी आहे. मॅलासेझिया नावाची, सगळ्यांच्याच कातडीवर असते, कोंडाही तिच्यामुळेच. तिला स्निग्ध आम्लं, म्हणजे तेला-तुपातले मूळ घटक, लागतात, आणि मी तिला दोन वेळ जेवायला वाढत होते. दमट हवा, घाम, त्यावर तेल. केटोकोनॅझोलचं मलम आणि तेल पूर्ण बंद. चार आठवड्यांत कपाळ साफ.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण आपल्यात "आधी पुरळ येतं, मग त्वचा सुधारते, सोडू नका" असं सांगणारे फार आहेत. एकाच मापाचे, खाजणारे दाणे असतील तर सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. ज्यांना कोंड्याचा त्रास आहे, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, त्यांनी पावसाळ्यात या भानगडीत पडूच नये असं माझं मत.

गणपतीनंतर: शुद्धतावाद्यांनी हा भाग वाचू नये

पुन्हा सुरू केलं ते घाण्याच्या तेलाने नव्हे. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणलं. खनिज तेल ते. त्यात स्निग्ध आम्लं नसल्यामुळे बुरशीच्या ते कामाचं नाही, खवटही होत नाही. त्यात पॉलिसॉर्बेट ८० मिसळलं, ४० मिली तेलाला ८ मिली. हा पदार्थ तेल आणि पाण्याची गाठ घालून देतो. तोंडावर तेल चोळून झालं की ओले हात फिरवायचे, तेल दुधासारखं पांढरं होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. बाजारातली क्लेन्झिंग ऑइल्स याच तत्त्वावर चालतात. जपानच्या शू उएमुरांनी आपलं असं तेल १९६७ साली आणलं होतं.

मला खरी उत्सुकता आमच्या पाण्याची होती. पण पावसाने विहीर गोडी झालेली. मग दोन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकी चमचाभर मीठ विरघळवलं. एकात साबणाचा कीस ढवळला, लगेच गुठळ्या, वर साय धरल्यासारखा थर. दुसऱ्यात माझ्या तेलाचे दहा थेंब टाकून ढवळलं, तर ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं, एकसारखं. साबणाच्या रेणूला विद्युतभार असतो, त्यामुळे मीठ आणि क्षार त्याला छळतात. पॉलिसॉर्बेटला भार नसतो, त्याला खाडीच्या पाण्याचं काही वाटत नाही. दोन्ही पेले मी सासूबाईंना दाखवले. त्यांनी दुसरा हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "आनी ह्यां पोटात गेला तर?"

मध्येच मुठेलाचाही प्रयोग झाला. कोकमाच्या बियांचं तेल, आमच्याकडे बिया वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळतात आणि वर आलेली चरबी हाताने दाबून मुठी वळतात, म्हणून मुठेल. टाचांच्या भेगांना आणि ओठांना याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते घट्ट असतं, अंगाच्या उबेच्या जरा वरतीच वितळतं. तोंडावर कसंबसं फिरलं, आणि फडकं पाण्यातून काढून गार होताच त्यावर पुन्हा गोठलं. चौकोन खळ घातल्यासारखा ताठ उभा राहिला. धुवायला मलाच सोडा घालून उकळावा लागला. मुठेल टाचांनाच.

दिवाळी

चाव दिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे कारीट फोडून झालं, तेल लागलं, आणि मी सवयीने पंचाचा चौकोन शोधायला लागले. सासूबाईंनी हातात चण्याच्या पिठाची वाटी दिली. "त्याल लावन कोण तसाच ऱ्हवता? पीठ कित्याक लावतत मगे?"

मी तशीच उभी राहिले. सात महिने मी तेल काढायचा उपाय शोधत होते आणि उटणं म्हणजे दुसरं काय? तेल आधी, मग ते शोषून घेणारं पीठ, मग गरम पाणी. ग्रीक-रोमन लोकही ऑलिव्हचं तेल चोळून धातूच्या वाकड्या खरवडणीने, स्ट्रिजिलने, अंगावरून निपटून काढत. आपण मात्र बाटलीवर कुठलं तेल लिहिलंय यावर वाद घालतो.

पुढचे दहा दिवस पीठ. दीड चमचा बारीक चाळलेलं, पाण्यात सैलसर कालवून तेलावर फिरवायचं. तेल उत्तम निघतं. तोटे दोन: भुवयांत अडकतं, आणि पीठ जाडं असेल तर खरखरतं. काजळासाठी निरुपयोगी. रोज कोण भुवया झाडत बसणार, म्हणून आठवड्यातून एकदाच ठेवलंय, रविवारी.

सध्या

सोमवार ते शनिवार फक्त रात्री, पॅराफिन-पॉलिसॉर्बेट, नाहीतर हवा कोरडी झाली की एरंडेल १५ टक्के आणि सूर्यफूल. सकाळी नुसतं पाणी. रोज नवा चौकोन, सात चौकोन, रविवारी सगळे सोड्यात उकळून उन्हात. जूनमध्ये फडकी वाळेपर्यंत तेल बंद, यावर चर्चा नाही. एप्रिलमध्ये विहीर पुन्हा मचूळ झाली की पेल्यातला प्रयोग खऱ्या पाण्यावर करायचा आहे.

गेल्या रविवारी चौकोन अंगणातल्या दोरीवर ओळीने वाळत होते. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून बघत बघत आल्या आणि हळूच सासूबाईंना विचारलं, "बाळ इला काय गो घरात?"

"बाळ खंयचा!" सासूबाई म्हणाल्या. "सुनेच्या तोंडाची लंगोटां ती."