अकरा म्हणजे पाच

टांझानियातल्या झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउनमधली आमची पहिली संध्याकाळ बुडाली ती माझ्यामुळे. सूर्यास्ताच्या वेळी शिडाच्या होडीतून फिरवून आणणाऱ्या एकाला दुपारीच आगाऊ पैसे देऊन ठेवले होते. त्याने चिठ्ठीवर वेळ लिहिली, ‘सा ११’. सूर्यास्ताची होडी अकराला कशी, एवढंही मी विचारलं नाही. उद्या सकाळचं असेल, असं धरून आम्ही ताणून दिली.

पावणेसहाला खाली आलो, तर हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली आणि तो हसायलाच लागला. होडी पाचलाच गेली होती! स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा’ म्हणजे तास. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक. तसे संध्याकाळचे पाच म्हणजे अकरा. विषुववृत्त जवळ, त्यामुळे वर्षभर दिवस सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपासच मावळतो. हिशोब चुकत नाही. आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात की. पण ही अक्कल नंतर सुचली. पैसे गेले ते गेलेच.

मग निघालो पायी. बोळ इतके अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. घरांना बाहेरून दगडी ओटे. त्यांना ‘बराझा’ म्हणतात. त्यावर माणसं निवांत बसलेली. दारं मात्र थांबून बघावी अशी. चौकटभर वेलबुट्टीचं कोरीवकाम, दारांवर पितळी खिळे, त्यांची टोकं बोटभर पुढे आलेली. वरून कमानदार असलेली दारं हिंदुस्थानी वळणाची आणि सरळ चौकटीची अरबी, एवढं वाचलं होतं. बायकोने कमानी मोजायला सुरुवात केली आणि पंधरा मिनिटांत आम्ही हरवलो.

फोनवरच्या नकाशाने त्या बोळांत हात टेकले. पोचलो जॉज कॉर्नरला. भिंतीवर शार्कचं चित्र, खाली छोट्या कपांत काळी कडू कॉफी पिणारी मंडळी. समुद्राकडे जायचं कसं विचारावं? स्वाहिलीत बंदराला ‘बंदारी’ म्हणतात, एवढं ठाऊक होतं. दुकानाला ‘दुका’, रंगाला ‘रंगी’, विम्याला ‘बिमा’. (हा शेवटचा शब्द प्रवास विम्याच्या ४४ डॉलरमुळे पक्का झाला, ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तो सक्तीचा आहे.) मोठ्या ऐटीत म्हटलं, “बंदारी?” एका आजोबांनी हातानेच डावीकडे, उजवीकडे, मग सरळ असं दाखवलं. गेलो, तर समोर मुख्य भूमीवरच्या दार-एस-सलाम शहराला जाणाऱ्या फेरीबोटींचं फाटक! त्यांचं काय चुकलं? बंदर मागितलं, बंदर मिळालं.

तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत आलो, आणि खरं सांगायचं तर तो रस्ता होडीपेक्षा कमी नव्हता. थारिया तोपन या गुजराती व्यापाऱ्याने बांधायला घेतलेला जुना दवाखाना, त्याचे जाळीदार लाकडी सज्जे. पुढे सुलतान बर्गाशचा १८८३ चा महाल, ‘बैत-अल-अजायब’, म्हणजे आश्चर्यांचं घर. त्याचा एक भाग डिसेंबर २०२० मध्ये कोसळला. बघून वाईट वाटलं.

फोरोधानी बागेपाशी आलो तेव्हा आकाश तांबडं झालं होतं. धक्क्यावरून पोरं एकामागून एक पळत येऊन कोलांटी मारत पाण्यात पडत होती. एकाने उडी मारण्याआधी पायातल्या चपला नीट जोडून बाजूला ठेवल्या.

मागे खाण्याच्या गाड्या लागत होत्या. मी ‘उरोजो’ घेतला. आंबट पिवळं पातळ सार, त्यात बटाटे, भजी, वरून कुरकुरीत चिवड्यासारखं काहीतरी. आपल्या जिभेला अजिबात परकं नाही. बायकोने झांझिबार पिझ्झा घेतला, म्हणजे पातळ लाटीत खिमा-अंडं भरून तव्यावर परतलेली घडी. पिझ्झा म्हणायला धाडसच पाहिजे.

रात्री हॉटेलात काउंटरवरच्या त्याच मुलाला विचारलं, नाश्ता किती वाजता? तो मुद्दाम म्हणाला, “सा मोजा.”

आम्ही पावणेसातचा गजर लावला.