दुखण्याची गोळी आणि मनाची गोळी

पाठदुखीसाठी आज ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक लिहून मिळाले, तेव्हा मी सर्ट्रालीन ही नैराश्य व चिंतेवरची गोळी घेत असल्याचे सांगताच डॉक्टरांनी हातातला कागद परत घेतला आणि ट्रामाडॉलवर आडवी रेघ मारली. ही दोन्ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढवतात; तो प्रमाणाबाहेर गेला तर हातापायांना कंप, दरदरून घाम, छातीत धडधड, ताप आणि कमालीची अस्वस्थता जाणवते, क्वचित आकडीही येते. यातली बरीच लक्षणे चिंतेच्या झटक्यासारखीच असल्यामुळे आपल्यासारखा रुग्ण त्यांना जुनाच त्रास समजून घरी बसून राहील, याची मला खरी धास्ती वाटते.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके सर्ट्रालीनसारख्या औषधांसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, म्हणून मला पॅरासिटामॉल दिले. चिंतेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणाऱ्या, ट्रामाडॉलसारख्या) वेदनाशामकांसोबत या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2016 मध्ये याबाबत सर्वांत कडक इशारा दिला आहे.

मात्र दुखणे असह्य झाले म्हणून नैराश्याची गोळी कोणीही परस्पर बंद करू नये. हाडांच्या डॉक्टरांपुढेही मनाच्या औषधांची नावे संकोच न करता सांगावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.