खिडकी, भिंत आणि पडद्यावरचं झाड

एम.ए.ला पर्यावरण मानसशास्त्र घेतलंय म्हटलं की आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमधले काका विचारतात, "म्हणजे झाडांचं मन?" झाडांचं नाही हो काका, झाडं बघणाऱ्या माणसांचं.

या विषयात सगळ्यांना पाठ असलेला अभ्यास रॉजर उल्रिच यांचा, १९८४ सालचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

मला खेचलं ते पुढच्या प्रश्नानं. खिडकी नसेल तर टीव्ही चालेल का? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. निबंध आला २००८ मध्ये. कुणासमोर काचेची खिडकी, कुणासमोर तेच दृश्य थेट दाखवणारा प्लाझ्मा पडदा, कुणासमोर नुसती भिंत. थोडा ताण दिल्यावर खिडकीवाल्यांचे हृदयाचे ठोके लवकर खाली आले. पडदा आणि भिंत यांत फरकच नाही! आणि लोक पडद्याकडे बघत नव्हते असंही नाही, चांगले बघत होते.

माझ्या खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. हात लांबवला तर त्यांच्या कुंडीतला कढीपत्ता तोडता येईल. "तोही निसर्गच की," आई म्हणते. प्रबंधाचा प्रश्न खरं तर तिनंच दिला: एवढीशी हिरवळ पुरते का? मॅडम म्हणतात, विषय फार मोठा होतोय. मोठा कसला, एका कुंडीएवढा तर आहे.