दादाच्या घरकुलाची गोष्ट, चारचाकी स्कूटीसकट

दादाचं प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल कसं झालं हे गावातले आणि नात्यातले बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते, लांबलंय पण वाचा.

दादाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, लिंब गर्डल प्रकारची, म्हणजे कंबर-मांड्या-खांदे यांचे स्नायू हळूहळू जातात. आधी भिंत धरून चालायचा, मग साइड व्हीलवाल्या स्कूटीवर शेतापर्यंत जायचा, आता घरात व्हीलचेअरच. जुनं घर मातीचं, उंबरा हा एवढा, संडास मागे परसात, आणि पावसाळ्यात तिथवर त्याला न्यायचं म्हणजे दोघं जण लागायचे. त्यामुळे घरकुल ही आमच्यासाठी नुसती पक्क्या भिंतींची गोष्ट नव्हती.

नाव होतं यादीत. 2018 च्या सर्व्हेतली ती ड यादी, म्हणजे घरकुलाची वाट बघणाऱ्यांची, वर्षानुवर्षं नुसतीच होती. मग 2025 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात एकदम 20 लाख घरकुलं मंजूर झाली, तेव्हा आमच्याकडेही पडताळणीला माणसं आली, आणि थोड्या दिवसांनी कळलं की आम्ही अपात्र. कारण काय तर कुटुंबाकडे चारचाकी वाहन. आई म्हणाली आपल्याकडे बैलगाडीसुद्धा राहिली नाही आता, चारचाकी कुठून आली. तर ती दादाची स्कूटी! दोन मूळची चाकं आणि बाजूला बसवलेली दोन, झाली चार. मी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, आम्ही काय करणार, ॲपमध्ये तसंच भरलं गेलंय, वरून होईल तर बघा." आता गंमत बघा, 2024 मध्ये निकष बदलले, दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन हे सगळं अपात्रतेतून काढलं, महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारावरून 15 हजार केली, म्हणजे साधी मोटरसायकलवाला पात्र आणि ज्याला पाय चालत नाहीत म्हणून जादा चाकं लावावी लागली तो अपात्र.

इथून पुढे मी तोंडी बोलणं बंद केलं, सगळं अर्जावर. सोबत स्कूटीचं आरसी, स्कूटीचे दोन्ही बाजूंनी फोटो, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. हे कार्ड आधीच काढलेलं होतं ते कामी आलं, ज्यांचं नाही त्यांनी आधी ते करा. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग जिल्ह्याच्या सिव्हिलला तपासणी. दादाचं निळं आहे म्हणजे 80 टक्के किंवा वर, पिवळं 40 ते 80 च्या मधलं, पांढरं 40 च्या खालचं आणि त्या पांढऱ्यावर असले फायदे मिळत नाहीत. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स हे सगळं 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, पण गावात अजून दिव्यांग म्हणजे हातपाय नसलेला किंवा डोळ्यांनी अधू एवढंच धरतात.

अर्जात त्याच कायद्याचं कलम 37 टाकलं, घरांच्या योजनांत दिव्यांगांना 5 टक्के आरक्षण. अर्ज बीडीओंच्या म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे, प्रती झेडपीच्या सीईओंना, ग्रामीण विकास यंत्रणेच्या प्रकल्प संचालकांना आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. आयुक्तांना कलम 82 ने दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, त्यामुळे खाली त्यांचं नाव दिसलं की टेबलावरचा माणूस कागद नीट वाचतो, असा माझा तरी अनुभव. प्रत्येक ठिकाणी आवकचा शिक्का मारून ओसी, म्हणजे आपली प्रत, परत घ्या, पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. अपात्र ठरवलं तर जिल्ह्याच्या अपील समितीकडे जाता येतं हे मला पंचायत समितीतल्या एका ऑपरेटर पोराने हळूच सांगितलं, नोटिसीत ते कुठेही नव्हतं. अपिलापर्यंत जावं लागलं नाही, फेरपडताळणीला माणूस आला, स्कूटीकडे बघून स्वतःच हसला आणि नाव परत लागलं.

मग घर कुणाच्या नावे यावर घरात चर्चा. दिव्यांगांच्या कोट्यातून मंजूर झालं तर घर त्याच व्यक्तीच्या नावावर असायला हवं असं योजनेतच आहे. काका म्हणत होते वहिनीच्या नावावर करा, पुढे सोयीचं पडेल. आई ठाम राहिली, दादाच्या नावावर.

पैशाचं सांगायचं तर सपाट भागात मूळ योजनेचे, केंद्र आणि राज्य मिळून, 1 लाख 20 हजार, राज्याने वरून वाढवलेले 50 हजार, त्यातले 15 हजार सोलरचे, शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, 2025-26 ला 312 रुपये रोज. जॉब कार्डवर आईचं आणि वहिनीचं नाव होतं म्हणून मस्टर, म्हणजे मजुरीचा हजेरीपट, त्यांच्या नावे निघालं. वाळू पाच ब्रास मोफत म्हणतात, पण ट्रॅक्टरचं भाडं आपलंच. एवढ्यात घर होत नाही, आमचे बचत गटाचे पैसे गेलेच.

पण खरी कसरत नकाशाची. 25 चौरस मीटरच्या घरकुलात कुणी व्हीलचेअर धरलेलीच नसते. मिस्त्री नेहमीसारखं दोन फुटांचं जोतं घेत होता. रॅम्पचा नियम एकास बारा, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट रॅम्प, तेवढं अंगणच नाही. आमच्याकडे पाणी साचत नाही म्हणून जोतं दीड फुटावर आणलं, मग अठरा फुटांचा रॅम्प मध्ये वळण देऊन बसला. दारं तीन फुटी, आणि संडासात खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा, त्यासाठी स्वयंपाकघर लहान केलं. वहिनी आठवडाभर बोलली नाही मिस्त्रीशी. कमोड आणि धरायचे बार ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीतून मागितले, तो निधी खर्च करायचाच असतो, मागावं मात्र लागतं.

जोत्याच्या वेळी इंजिनिअर जिओ टॅगिंगला, म्हणजे जागेच्या नोंदीसकट फोटो काढायला, आले आणि म्हणाले लाभार्थी फोटोत हवा. खडीतून खुर्ची जाईना, शेवटी दादाला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं आणि फोटो काढला. पोर्टलवर तो तसाच राजासारखा बसलेला आहे.

आता छत पडलंय, राहायला गेलोय. शेवटचा हप्ता आणि थोडी मजुरी अडकलीय, आई दर सोमवारी पंचायत समितीत फोन लावते आणि तिकडचे लोक आता नंबर बघूनच "काकू, लावतो लावतो" म्हणतात.