नॅनोहर्ट्झची वही : पावसाळी नोंद

जूनमध्ये पाऊस धरला की आमच्या फोंड्यात दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत जाते, नाहीतर भिंगाला बुरशी ठरलेली. मग चार महिने लॅपटॉप. यंदा नॅनोग्राव्हचा, म्हणजे पल्सारांवरून गुरुत्वलहरी शोधणाऱ्या उत्तर अमेरिकी गटाचा, १५ वर्षांचा डेटा उतरवून घेतला. पल्सार म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणारे मृत तारे; नॅनोहर्ट्झच्या, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला वर्षानुवर्षं लागणाऱ्या, गुरुत्वलहरी गेल्या की ते ठोके किंचित पुढे-मागे होतात.

हेलिंग्ज-डाउन्स वक्र, म्हणजे आकाशातल्या दोन पल्सारांमधल्या कोनानुसार त्यांच्या ठोक्यांचं नातं कसं बदलावं याचा आलेख, जमला! ६७ पल्सार, २,२११ जोड्या. जवळच्या जोड्यांचे ठोके एकत्रच पुढे-मागे सरकतात, ८० अंशांच्या आसपास नातं उलटं होतं आणि समोरासमोरच्या जोड्यांत पुन्हा थोडं जुळतं. या शेवटच्या चढावातच गंमत आहे. घड्याळं चुकली असती तर सगळ्या जोड्या सारख्याच चुकल्या असत्या. सूर्यमालेच्या केंद्राचा हिशेब चुकला असता तर १८० अंशांवर वक्र तळाला गेला असता. माझ्या आलेखात खळगा स्पष्ट दिसतो, चढाव मात्र श्रद्धेने पाहावा लागतो.

गाडी अडली आहे ती उतारापाशी, म्हणजे वारंवारता वाढते तसा या लहरींचा जोर किती झपाट्याने घटतो त्यापाशी. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या निव्वळ गुरुत्वलहरींमुळे जवळ येत असतील, तर या उताराचा घातांक १३/३, म्हणजे ४.३३ हवा. २०२३ चा प्रसिद्ध आकडा ३.२ च्या आसपास, अधिक-उणे ०.६, माझंही उत्तर तिथेच घुटमळतंय. वीज गेली की गणित तुटतं, म्हणून मधले निकाल सतत साठवत राहतो.

उतार मंद, म्हणजे लहरींचा उगम आदिविश्वच, असं म्हणायचा मोह मलाही होतो. क्वार्क बांधले जाऊन प्रोटॉन बनले तेव्हा विश्वाचं वय होतं सेकंदाचा जेमतेम एक लाखावा भाग, आणि त्या वेळी उठलेल्या लहरी ताणत ताणत आज याच पट्ट्यात यायला हव्यात. प्रकाश तिथवर पोचत नाही, पहिली ३,८०,००० वर्षं त्याला वाटच नव्हती. पण आसपासचे तारे नि वायू कृष्णविवरांची ऊर्जा खात असतील, तरीही उतार असाच मंदावतो. नुसत्या उतारावर पैज लावणार नाही.

निवाडा दिशेतून होईल असं वाटतं. कृष्णविवरांच्या जोड्या असतील तर एखादी जवळची जोडी आकाशाच्या एका बाजूला जड भरेल. आदिविश्वाचा आवाज चहूकडून जवळपास सारखा. अजून तरी कुणाला असा कल पक्का सापडलेला नाही.

पुढचं काम खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर इनपीटीए या भारतीय पल्सार गटाने घेतलेला पहिला, २०२२ चा डेटा, १४ पल्सारांचा. ३०० ते ५०० मेगाहर्ट्झमध्ये ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे ठोक्यांना होणारा उशीर ठळक मोजता येतो. कुणी हा डेटा पिंट या पल्सार-वेळमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवला असेल, तर उशिराचा बदल कसा बसवलात ते कळवा.