ऑर्गनला जपायचं तर त्याच्या भोवतालची हवा जपा

इथे जर्मनीत चर्चचा मोठा ऑर्गन साफ करायचा म्हणजे आधी त्यातल्या हवेने वाजणाऱ्या नळ्या काढून तो पार रिकामा करावा लागतो. साधारण १५ ते २५ वर्षांनी हे काम निघतं. आमच्या गावच्या चर्चमध्ये यंदा निघालं, मदतनीस हवे होते, म्हणून मीही नाव दिलं.

सगळ्यात लहान नळी पेन्सिलीहून बारीक, मोठी माणसाहून उंच. धातूच्या नळ्या कथील-शिशाच्या. त्या हातमोजे घालूनच धरायच्या, कारण घामाचे डाग पडतात आणि नुसत्या हाताच्या उबेनेही सूर चढतो. लाकडी नळ्यांची धूळ हवेच्या झोताने उडवतात, धातूच्या कोमट पाण्याने धुतात. नळीच्या तोंडाशी एक बारीक फट असते. तिथून निघालेला हवेचा पातळ झोत वरच्या ओठावर आपटतो आणि नळी बोलू लागते. त्या फटीला कारागिराशिवाय कुणी हात लावत नाही. तिथे थोडी धूळ बसली तरी आवाज बिघडतो.

मला सगळ्यात आवडलं ते सूर लावायचं काम. कारागीर आत नळ्यांच्या जंगलात, मी बाहेर पट्टी दाबून बसलेली. आतून ‘वायटर’ म्हणजे ‘पुढे’ अशी हाक आली की पुढची पट्टी दाबायची. थंडी असूनही त्यांनी हीटर लावू दिला नाही. हवा तापली की साध्या नळ्यांचा सूर चढतो, पेटीसारख्या पितळी जिभेने वाजणाऱ्या नळ्या मात्र जवळपास होत्या तिथेच राहतात, आणि मग दोघींचं जमत नाही.

आत गेल्यावर कळलं, धूळ हा दुय्यम शत्रू आहे. खरी भीती दमटपणाची. हवा कोंडली की लाकडावर आणि चामड्यावर बुरशी धरते. उलट हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी झाली की लाकूड आकसतं, तडे जातात, हवा गळते आणि पट्टी न दाबताही एखादा सूर वाजत राहतो. म्हणून चर्चमध्ये आर्द्रता मोजायचं यंत्र कायमचं टांगलेलं असतं. ऑर्गनबांधणीची ही कला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, ते मला अगदी योग्य वाटतं.

हे सगळं ऐकून बाबांनी फोनवर विचारलं, “अगं, मग आपल्या पायपेटीचं काय करू?” पंचवटीतल्या आमच्या घरी आजोबांची पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन आहे, संगीत नाटकांच्या साथीला असायचा तसा.

“बाबा, आधी ती भिंतीपासून लांब घ्या. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते.”

गोदाकाठच्या श्रावणात घरातले कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे भात्याचं चामडं कसं टिकेल? पाऊस उघडला की झाकण उघडून पंखा लावावा, पण उन्हात ठेवू नये. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसू नयेत. आतल्या लोकरी नमद्याला कसर लागते, तो मऊ ब्रशने झाडावा. अमेरिकन पद्धतीच्या या ऑर्गनमध्ये हवा स्वरांच्या पितळी जिभांमधून आत ओढली जाते, खोलीतली धूळही तिच्यासोबत जाते. त्यामुळे आसपासची फरशी झाडून नाही, पुसून घ्यावी.

एखादा स्वर मुका झाला तर त्याची जीभ जाणकाराकडूनच काढून घ्या. बहुतेकदा जिभेखाली कचरा अडकलेला असतो, तो हलक्या हाताने निघतो. पण पितळ खरवडू देऊ नका. टोकाला घासलं तर स्वर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.